पंचवीस टोकांचा तारा, मातीचा गोठा आणि आजीचा काचेचा पक्षी: नाताळची तयारी कुठवर आली

मंडळी, यंदाच्या सजावटीचा हिशोब देते. तारा पूर्ण होत आला. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याचा पाया बसला, भिंती उभ्या राहिल्या, छप्पर बाकी आहे. काचेच्या जुन्या वस्तू पेटीतून काढून, पुसून, तपासून झाल्या. झाड अजून गॅलरीतच आहे, ते २० तारखेच्या आत घरात येत नाही.

आधी तारा, कारण सर्वांत जास्त वेळ त्यानेच घेतला. आमच्याकडे वर्षानुवर्षं पाच टोकांची चांदणी असायची. वडील पुण्याच्या बुरूड आळीतून कामट्या आणत, सुतळीने बांधत आणि वर पतंगी कागद चढवत. दिवाळीचा आकाशकंदील उतरला की त्याच हुकाला चांदणी लागायची. ती चांदणी अजून आहे आणि यंदाही लागणार आहे, पण आत, जिन्याच्या तोंडाशी. बाहेरच्या हुकासाठी मी मोराव्हियन तारा करायला घेतला. १८३०च्या दशकात जर्मनीतल्या निस्की गावी मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत भूमिती शिकवताना हे तारे तयार झाले आणि पुढे हेर्नहुट गावाच्या नावाने जगभर पसरले. भूमितीच्या तासातून आलेली वस्तू असल्यामुळे ती जमवताना मोजमाप फार काटेकोर लागतं, आणि मला नेमकं तेच आवडतं.

मधला गाभा १८ चौरस आणि ८ समभुज त्रिकोण मिळून होतो, म्हणजे बाजू २६. मागचा एक चौरस वायर आणि होल्डरसाठी मोकळा ठेवायचा. उरलेल्या २५ बाजूंवर टोकं बसतात: चौकोनी तळाची १७, त्रिकोणी तळाची ८. चौरस आणि त्रिकोणांच्या सगळ्या कडा सारख्याच लांबीच्या हव्यात. मी ७ सेंमी धरली. कागद अप्पा बळवंत चौकातून आणला. पांढराच घेतला, कारण दिवा लावल्यावर घड्यांच्या सावल्या पांढऱ्यावरच खुलतात. घडी पाडायच्या आधी त्या रेषेवरून शाई संपलेलं बॉलपेन पट्टी धरून दाबून फिरवायचं. त्याने कागद बरोबर रेषेवर वाकतो, कड फाटत नाही आणि टोक सुईसारखं येतं. हे ज्यांनी आजवर केलं नसेल त्यांनी एकदा करून बघाच.

चिकटवायला घरची खळ. मैदा गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, आणि पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. जुने बुकबाइंडर त्यात चिमूटभर मोरचूद टाकतात म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, त्यामुळे त्याचं भांडं वेगळं ठेवायचं आणि लहान मुलांना त्या खळीत हात घालू द्यायचा नाही. फेव्हिकॉलपेक्षा खळ सावकाश वाळते, आणि तेवढ्या वेळात टोक सरकवून जागेवर बसवता येतं. चौकोनी टोकं सगळी लागली. त्रिकोणी टोकं भाची करतेय. आत ५ वॅटचा पिवळसर एलईडी. जुन्या बल्बची उष्णता या कागदाला सोसणार नाही.

आता गोठा. माझ्या मते नाताळच्या सजावटीचा जीव गोठ्यात आहे, झाड त्याच्या नंतर. इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने १२२३च्या नाताळात खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणीचा देखावा उभा केला. लोकांना ती रात्र डोळ्यांनी बघता यावी एवढाच त्याचा हेतू होता. म्हणून आपला गोठाही आपल्याला ओळखीचा वाटेल असा असावा, असं मला मनापासून वाटतं. प्लॅस्टिकचा बर्फ आणि धुराड्याची घरं मी लावत नाही. आमचा गोठा मावळातल्या गोठ्यांसारखा असतो: कुडाच्या भिंती, त्यांवर माती आणि शेणाचं लिंपण, वर भाताचा पेंढा.

बांधायची पद्धत सगळी दिवाळीच्या किल्ल्याची. खाली विटा आणि दगड, त्यांवर मातीच्या कालवणात बुडवलेलं गोणपाट, मग चाळलेली माती हाताने थापायची. किल्ल्याची माती मी मोडून फेकत नाही, पोत्यात भरून ठेवते, तीच इथे येते. डोंगरउतारावर अळीव पेरायचे. दिवाळीत ते भराभर वर येतात, डिसेंबरच्या थंडीत जास्त दिवस घेतात, म्हणून १४-१५ तारखेला पेरलेले बरे. पाणी फवाऱ्यानेच द्यायचं. ज्यांच्याकडे प्लास्टरच्या मूर्ती आहेत त्यांनी एक गोष्ट सांभाळा: प्लास्टर ओल ओढून घेतं आणि तळाचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. मूर्ती ज्या जागी उभ्या राहणार तिथे फरशीचे तुकडे आधीच मातीत बसवून टाका, वरून पेंढा पसरला की ते दिसत नाहीत.

बैल मातीचा आहे, कसब्यातल्या कुंभारवाड्यातून पोळ्याला आणलेला. गाढव प्लास्टरचं, कॅम्पातलं. दोघांच्या मापात फरक आहे, म्हणून बैल पुढे आणि गाढव मागे, अंधाऱ्या बाजूला. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात खरं तर दोघांचाही उल्लेख नाही. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाणी, हे जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायात येतं, आणि तिथून ते दोघे गोठ्यात आले. हे समजल्यापासून मी त्यांची तोंडं गव्हाणीकडे वळवून ठेवते.

मेंढपाळांतल्या एकाच्या खांद्यावर घोंगडी आहे. आजीने ती खऱ्या घोंगडीच्या तुकड्यातून कापली आणि कडेला काळ्या दोऱ्याने टाके घातले. आजी नगरची. लहानपणी तिने मेंढरं घेऊन जाणारे धनगर रोज पाहिलेले, तिच्या लेखी बेथलेहेमचे मेंढपाळ तसेच असणार. घोंगडी दोन बोटांएवढी आहे. एका कोपऱ्यात लोकर विरलीय, तिथे मी खालून मलमलचा तुकडा लावून धरलाय, वरचे टाके सोडवले नाहीत. दुरुस्तीत मी हाच नियम पाळते: जुन्या हाताचं काम दिसत राहिलं पाहिजे, आपलं काम मागे राहावं. त्याच मेंढपाळाच्या अंगठ्याचा टवका उडाला होता, तो प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून, वाळल्यावर घासून पोस्टर कलरने रंगवला. जुन्या मॅट मूर्तीवर ऑइलपेंट लावू नका, तो चकाकतो आणि डाग वेगळा कळतो.

मागी लोक, म्हणजे ताऱ्यामागून पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष, गोठ्यात नसतात. ते दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटावरून निघतात आणि रोज थोडे थोडे पुढे सरकतात. ६ जानेवारीला पोचायचं. सरकवायचा मान घरातल्या सर्वांत लहान मुलाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांची संख्या दिलेली नाही, भेटी तेवढ्या तीन सांगितल्या आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस. त्या आधारावर आत्याने सावंतवाडीहून आणलेला लाकडी बाहुला चौथा मागी म्हणून आमच्या तांड्यात सामील केला, आणि तो आता कायमचा झाला. बाळ येशूची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीपर्यंत आईच्या कपाटात असते. पंचहौद चर्चच्या घंटा सुरू झाल्या की ती गव्हाणीत ठेवायची. आम्ही गुरुवार पेठेत असल्यामुळे घंटा घरात ऐकू येतात. मग रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, मग फराळ.

काचेच्या वस्तूंत सर्वांत मोलाचा आजीचा पक्षी. मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी मायदेशी परतताना तो तिला दिला. चार बोटं लांब, छाती फिकट गुलाबी, पाठीवर निळ्याचा एक हात, आणि शेपूट काचेच्या तंतूंची. केसाएवढ्या बारीक तंतूंचा झुपका मागच्या भोकात बसवलेला आहे. पायांच्या जागी स्प्रिंग आणि चिमटा, त्यामुळे फांदीला हात लागला की पक्षी हलतो. घडण जर्मनीतल्या लाउशा गावच्या पक्ष्यांसारखी आहे. तिथे १९व्या शतकाच्या मध्यापासून घराघरांत नळी फुंकून असे दागिने करत. आतली चकाकी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाने येते, चांदीचा अगदी पातळ थर काचेला आतून धरतो. रंग मात्र बाहेरून दिलेला असतो, आणि तो पाण्याने सुटतो. म्हणून अशा वस्तू ओल्या फडक्याने कधीही पुसू नयेत. कोरडा, मऊ केसांचा ब्रश, तोही शेपटीपासून लांब.

पुण्यात या काचेला खरा त्रास पावसाळ्याचा. वरच्या टांगायच्या टोपीच्या फटीतून दमट हवा आत गेली की चांदीवर काळे ठिपके येतात, ते परत जात नाहीत. मी प्रत्येक गोळा जुन्या मलमलच्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळते आणि पुठ्ठ्याच्या कप्प्यात ठेवते. डब्यात सिलिका जेलची पुडी असते, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायची. वर्तमानपत्राचा कागद नको, शाई उतरते. आणि पेटी माळ्यावर नको, कारण एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली एवढं तापतं की रंगावरचं लाखेचं पॉलिश चिकट होतं. कपाटाचा खालचा कप्पा उत्तम. यंदा सगळ्या वस्तू धड निघाल्या. एका सोनेरी गोळ्यावर ठिपके थोडे वाढलेत, तो मागच्या बाजूला लावेन, पण लावणार नक्की. पेटीत जपलेली वस्तू मुलांच्या ओळखीची होत नाही, आणि ओळख नसलेल्या वस्तूला पुढची पिढी सांभाळत नाही.

झाड म्हणजे कुंडीतलं अरौकेरिया, सोलापूर रोडवरच्या नर्सरीतून रोप आणून वाढवलेलं. पूर्वी सुरूची फांदी आणायचो, ती आठवडाभरात वाळून सुया सांडायची. अरौकेरियाच्या फांद्या मजल्यामजल्याने येतात आणि नरम असतात, तेव्हा जड वस्तू खोडाजवळ आणि हलक्या टोकाला. पक्ष्याचा चिमटाही खोडाजवळच. छताला लागतं म्हणून शेंडा छाटू नका, झाडाचा आकार पुन्हा येत नाही. घरात दोन-अडीच आठवडे पुरे, नंतर उजेडात. दिव्यांची माळ पिवळसर एलईडीची, आणि एकच. टोकांना सावंतवाडीची लाकडी फळं लावते: आंबा, काजू, सीताफळ. घरच्या झाडाला ती शोभतात.

करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या आईच्या हाती, केक बेकरीतून. त्यात नवं काही नाही.

नव्या वस्तूंचं म्हणाल तर वर्षाला एक. जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, हाताला लागली तर. यंदा एक पितळी घंटी मिळाली, दांडीला हात लागून लागून नक्षी पुसट झालेली. चिंचेच्या कोळाने हलकी घासली, आरशासारखी केली नाही. तिची नोंद वहीत झाली. या वहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक आहे, आणि पुढे ती कुणाकडून आली, कुठली, काय दुरुस्ती झाली, कुठल्या कप्प्यात राहते, एवढं लिहिलेलं आहे. आजीच्या वस्तूंबद्दल आत्याला जे आठवतं ते मी तिच्याच शब्दांत उतरवून घेतेय. हे काम तारा आणि गोठा या दोन्हींपेक्षा निकडीचं आहे, कारण तिची पंचाहत्तरी उलटली. तुमच्या घरी अशी माणसं असतील तर झाड सजवायच्या आधी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा.

पुढच्या आठवड्यात पेंढा, अळीव आणि त्रिकोणी टोकं. दोन गोळ्यांच्या टोप्या गंजून गेल्यात. जुन्या मापाच्या, आत दोन पायांची तार असलेल्या टोप्या कुणाकडे जादा असतील तर सांगा. बदल्यात पांढऱ्या कागदाचे कापलेले, घडीच्या रेषा पाडलेले ताऱ्याचे दोन संच तयार आहेत, ते देईन.