माहेरच्या नावात अडकलेला पीएफ

मागच्या आठवड्यात एकदाचा जुना पीएफ नव्या कंपनीच्या खात्यात आला. सात महिने लागले. नाव दुरुस्त झाल्यावर ट्रान्सफरला फक्त बारा दिवस, बाकी सगळा वेळ नावातच गेला.

पहिली नोकरी लग्नाआधीची, त्यामुळे यूएएन (पीएफचा कायमचा नंबर, नोकरी बदलली तरी एकच राहायला हवा) माहेरच्या नावाने. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव आलं, पण पीएफमध्येही बदलून घ्यायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही. मुलगी झाल्यावर काही वर्षं घरी होते, मग नवी नोकरी लागली आणि तिथे आधारवरून दुसराच यूएएन निघाला. (नव्या नोकरीत रुजू होताना पीएफचा फॉर्म 11 भरतात, त्यात जुना नंबर लिहायलाच हवा होता, तुम्ही विसरू नका.) आता सिस्टीमच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका, ट्रान्सफर टाकला की नाव जुळत नाही.

यावर उपाय म्हणजे जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे पीएफमधलं नाव दुरुस्त करायचा कर्मचारी आणि कंपनीचा एकत्र अर्ज, आणि तो माझ्या बाबतीत जुन्या कंपनीच्या सही-शिक्क्यानेच जाणार होता. तिथेच सगळं अडलं. पहिल्या तीन मेलना उत्तरच नाही. फोन केला तर "आधीच्या मॅडम बघायच्या, त्या सोडून गेल्या". शेवटी अर्धा दिवस रजा टाकून गेले, तर सही करणारे सर टूरवर. परत गेले तेव्हा सही झाली, मी घरी येऊन पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते, आणि महिन्याने कळलं की अर्ज परत आलाय, कारण त्यांनी माझं विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलंच नव्हतं. मी हातात दिलेलं! पुन्हा फॉर्म, पुन्हा सही, पुन्हा वाट. त्या दिवशी मी रिसेप्शनवर बसून रडले, खरंच सांगते. सहा वर्षं तिथे काम केलं होतं हो मी.

दुसऱ्यांदा मात्र मी सगळे कागद क्रमाने टाचून दिले, दिलेल्या कागदांची यादी करून त्यावर पोच घेतली आणि दर सोमवारी फोन केला. तेव्हाच काम हललं. पोच घेतल्याशिवाय कुणाला एक कागदही देऊ नका.

मधल्या काळात सासूबाईंपासून मैत्रिणींपर्यंत सगळे म्हणत होते, अगं पैसे काढून मोकळी हो. मी काढले नाहीत याचं मला फार समाधान आहे. पीएफबरोबरच्या पेन्शनला एकूण 10 वर्षांची सर्व्हिस लागते, माझी जुनी 6 वर्षं 2 महिने, आणि 10सी हा फॉर्म भरून पेन्शनचे पैसे उचलले असते तर ती सगळी सर्व्हिस पुसली गेली असती. आता चार वर्षांहूनही कमी राहिली.

पासबुक बघून मात्र घाबरू नका. माझे दरमहा 1250 रुपये पेन्शनमध्ये जायचे, ट्रान्सफरनंतर ती रक्कम नव्या पासबुकात दिसेना, माझी रात्रभर झोप उडाली. पेन्शन साठलेल्या रकमेवर नाही तर पगार आणि सर्व्हिसच्या वर्षांवर ठरते, त्यामुळे वर्षं पुढे आली की झालं. सर्व्हिस हिस्टरीत (पीएफच्या साइटवरची तुमच्या नोकऱ्यांची नोंद) तेवढी जुन्या कंपनीची जॉइनिंग आणि सोडल्याची तारीख तपासा, आणि जुनं पासबुक ट्रान्सफर टाकायच्या आधीच डाऊनलोड करून ठेवा.