निळा टॉर्टिया, घोळीची भाजी आणि बाबा

शनिवार, रात्री उशिरा

आज बाबांना घेऊन शिकागोच्या पिल्सेन वस्तीतल्या त्या छोट्या मेक्सिकन रेस्टॉरंटला जाऊन आलो, पोट अजून गच्च आहे, झोप काही येत नाहीये, तर म्हटलं लिहूनच टाकावं. बाबा आल्यापासून मला त्यांना तिथे न्यायचंच होतं. शिकागोला कोणी आलं की नदीवरची बोट आणि डीप डिश पिझ्झा हे ठरलेलं असतं, ते करून झालं, पण अकोल्याकडे जन्मभर ज्वारी-कापूस केलेल्या माणसाला खरं काय दाखवावं तर मका कसा शिजवतात ते दाखवावं असं मला मनापासून वाटत होतं.

पिंक लाईनच्या ट्रेनने गेलो. 18 व्या स्ट्रीटच्या स्टेशनचे जिने, भिंती, सगळं रंगवलेलं आहे, बाबा दोनदा थांबले बघायला. पिल्सेन हे नाव तिथे आधी आलेल्या चेक लोकांनी ठेवलेलं, मग विसाव्या शतकाच्या मध्यापासून मेक्सिकन कुटुंबं येत गेली आणि वस्ती त्यांची झाली. जेवणाआधी म्युझियममध्येही डोकावलो, नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट, 1987 पासून तिथे आहे आणि आजही तिकीट नाही, कोणीही यावं आणि बघावं. मला या गोष्टीचं फार कौतुक आहे.

आता रेस्टॉरंट. बाहेर 'मॉडर्न मेक्सिकन' असं लिहिलंय, त्यावरून आमच्या ग्रुपमधल्या लोकांना वाटतं की मोठ्या प्लेटमध्ये चिमूटभर जेवण आणि वर फेस. तसं नाहीये. तिथलं मॉडर्न म्हणजे उलट जुन्याकडे जाणं आहे. विकतचं पीठ, विकतचे टॉर्टिया (मक्याच्या पातळ भाकरी) बंद आणि मका रोज स्वतः शिजवायचा. मेक्सिको सिटीत एन्रिके ओल्वेरा यांनी 2000 साली पुहोल नावाचं रेस्टॉरंट काढलं, तिथे मोले (भाजलेल्या मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा) आणि मक्याला जो मान दिला त्यातून ही लाट आली असं मी समजते, आणि आता ती अशा गल्लीतल्या पंधरा-वीस टेबलांच्या जागांपर्यंत पोचलीये हे किती छान आहे.

किचन उघडंच आहे. आम्हाला काउंटरजवळची जागा मिळाली आणि बाबांचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते कोपऱ्यातल्या पातेल्यावर. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग रात्रभर तसाच भिजत ठेवतात, सकाळी धुतात, त्याची सालं सुटून येतात, त्याला निश्तामाल म्हणतात, आणि मग ज्वालामुखीच्या दगडाची पाती असलेल्या चक्कीत दळतात. पानाला लावतो तोच चुना, दुसरं काही नाही. बाबांनी मला विचारायला लावलं की चुना कशाला, आणि काउंटरमागच्या मुलीने हातातलं काम न थांबवता सगळं सांगितलं, की त्याशिवाय पिठाला चिकटपणा येत नाही, टॉर्टिया थापला की फुटतो, आणि मक्यातलं बी-3 जीवनसत्त्व अंगी लागत नाही. हे खरंच आहे. युरोपने मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही, मग जिथे गरीब लोक नुसत्या मक्यावर जगत होते तिथे बी-3 च्या कमतरतेने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला, इटलीत पसरला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतही हजारो माणसं त्याने गेली. आणि मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षं हे घरोघरी करत होत्या. बाबा म्हणाले, "म्हणजे आधी तिथल्या बायांना विचारलं असतं तं एवढी माणसं मेली नसती." एवढंच बोलले आणि परत पातेल्याकडे बघत बसले.

निळ्या मक्याचा टॉर्टिया तव्यावर, म्हणजे त्यांच्या कोमालवर, पडतो तेव्हा ओला, राखाडी-जांभळा दिसतो. कडा जरा कोरड्या झाल्या की पहिल्यांदा उलटतात, मग दुसरी बाजू नीट शिजू देतात, मग पुन्हा उलटून वरून दोन बोटांनी हलकंच दाबतात आणि तो टम्म फुगतो. त्या मुलीने फुगलेला एक टॉर्टिया तसाच, नुसतं मीठ लावून बाबांना दिला. बाबांनी तुकडा मोडला, वास घेतला, खाल्ला, आणि उरलेला माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "खाऊन पाह्य, याला भाजीची गरज नाही."

श्रावण असल्यामुळे मांस-मच्छी नाही, ते आधीच सांगितलं. (इथे एक लक्षात ठेवायचं, बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते आणि मोलेमध्ये चिकनचं पाणी, विचारल्याशिवाय मागवू नका, विचारलं की नीट सांगतात.) मग आलं ते असं: आत बीन्स भरलेला त्रिकोणी तेतेला, वितलाकोचे घातलेली केसादिया (दुमडून भाजलेला टॉर्टिया), हिरव्या साल्सातली वेर्दोलागास, आणि रताळ्यावर काळा मोले.

वेर्दोलागास बघून बाबा हसायलाच लागले. "हे तं घोळ आहे वं पोरी!" घोळच होती. तीच जाडसर पानं, तेच लालसर देठ. टोमॅटिओच्या (हिरव्या टोमॅटोसारखं दिसणारं आंबट फळ) साल्सात बटाट्याबरोबर शिजवलेली, किंचित बुळबुळीत, मस्त. मेक्सिकोत असल्या रानभाज्यांना केलितेस म्हणतात आणि त्या बाजारात जुड्यांनी विकतात. आमच्याकडे पावसाळ्यात घोळ निंदणात उपटून फेकली जाते किंवा आजी ओच्यात घेऊन घरी यायची, आणि पाहुणे आले की मात्र ती भाजी पानात दिसायची नाही, पनीर यायचं. इथे ती मेन्यूच्या मधोमध, नावानिशी, आणि लोक मागवून खातायत. मला खरंच भरून आलं.

वितलाकोचेचं बाबांना आधी पटलंच नाही. ती मक्यावरची काणी, बुरशी, दाणे फुगून काळे-करडे होतात. बाबा म्हणाले, "आम्ही काणी येऊ नये म्हणून ज्वारीच्या बियाण्याला गंधक चोळायचो, आन् हे लोक खातात?" खातात, आणि अॅझ्टेकांच्या काळापासून खातात, आणि तिथे निरोगी कणसापेक्षा काणीचं कणीस महाग जातं. चव मातकट, मशरूमसारखी, थोडी गोडसर. बाबांनी चाखलं, अर्धी केसादिया खाल्ली, आणि मग मोले आला तेव्हा मात्र बोलणंच बंद झालं. काळ्या मोलेत मिरच्या अगदी काळ्या होईस्तोवर भाजतात, तीळ, शेंगदाणे, मनुका, लवंग, दालचिनी, चॉकलेट, जळका टॉर्टियासुद्धा, आणि तरी कडू लागत नाही. आपल्याकडच्या सावजी रश्शाला जसा मसाला भाजण्यातच सगळा जीव असतो तसंच हे.

प्यायला अंबाडीच्या लाल बोंडांचं थंडगार पाणी होतं, त्याला ते हामाईका म्हणतात. बाबांची आई धुऱ्यावर अंबाडी लावायची, ज्वारीत मूग, कडेला अंबाडी. मी त्यांना मिल्पाबद्दल सांगितलं, मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात, घेवडा मक्यावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. त्यांनी वेलीचं अंतर किती, मक्याला आधी किती वाढू देतात असं इतकं विचारलं की शेवटी ते मी फोनवर शोधून दाखवलं.

बिलाचं बोलते. दोघांचं टीप धरून जेवढं झालं तेवढ्यात खाली कोपऱ्यावरच्या टाकेरियात, म्हणजे टाकोच्या खानावळीत, चौघं जेवतील, आणि आमच्यातले बरेच जण हेच म्हणतात, टाकोला एवढे पैसे कशाला. मला हे पटत नाही. तेच लोक डाउनटाउनला पास्त्याच्या एका प्लेटला तीस डॉलर देतात आणि त्याबद्दल एक शब्द काढत नाहीत. मका रात्रभर भिजवणं, धुणं, दळणं, एकेक टॉर्टिया हाताने उलटणं ही मजुरीच आहे. मेक्सिकन म्हणजे स्वस्त, भारतीय म्हणजे स्वस्त, हे आपण स्वतःच धरून चाललो तर करणाऱ्यांच्या हाताला दाम कोण देणार? 2010 मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाककलेला वारसा म्हणून मान दिला, 2024 मध्ये मेक्सिको सिटीतल्या एल कलिफा दे लेओन या छोट्याशा टाकेरियाला मिशेलिन स्टार हा रेस्टॉरंटांचा मोठा मान मिळाला, ते सगळं चांगलंच आहे, पण रोजच्या गिऱ्हाइकाने बिल देताना कुरकुर न करणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र मनात सलते. पिल्सेनची भाडी वाढलीयेत आणि जुनी कुटुंबं लिटल व्हिलेज, सिसेरो, बर्विनकडे गेलीयेत, अजून जातायत. अशी नवी रेस्टॉरंटं आली की बाहेरचे लोक येतात, आमच्यासारखे, आणि मग घरमालकही जागे होतात. आज शेजारच्या टेबलावर एक आजी नातवंडांबरोबर स्पॅनिशमध्ये गप्पा मारत मोले पुसून खात होत्या, ते बघून बरं वाटलं, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही हे मला कळतं. म्हणून आम्ही जाताना कोपऱ्यावरच्या जुन्या पानादेरियातून पाव घेतो, नेहमीच घेतो.

शेवटी आलेग्रिया आली, म्हणजे राजगिऱ्याची वडी, वर दालचिनीचं आइस्क्रीम. राजगिरा तिकडचाच, आणि आपण तो उपासाला खातो. बाबांनी एक वडी रुमालात बांधून सोमवारसाठी ठेवली, श्रावणी सोमवार आहे ना.

निघताना काउंटरवर ताजं मक्याचं पीठ पाउंडावर विकायला होतं, ते घेतलं. फ्रिजमध्ये ठेवलं तरी एक-दोन दिवसांत आंबायला लागतं, म्हणून उद्या सकाळीच संपवायचंय. बाबांनी आत्ताच विचारलंय, घरात बेसन आहे का, कांदा आहे का. पिठलं ते करणार, थापणं माझ्याकडे.