तुम्ही विचारलंत म्हणून: सोपं करून सांगताना संशोधन चुकीचं होत नाही का?

जाहीर व्याख्यानाचं आमंत्रण आलं की प्राध्यापक मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘सगळ्यांना कळेल असं बोलायचं म्हणजे अर्धवट बोलायचं, आणि अर्धवट बोललं की चुकीचं होणार. मग त्या फंदात पडायचंच कशाला?’ भीती अगदीच खोटी नाही. पण सोप्या शब्दांनी फारसं काही बिघडत नाही. काय गाळलं यावर सगळं असतं, आणि कधीही गाळू नये अशा गोष्टी दोन: आकडा कितीपैकी आहे आणि प्रयोग कोणावर झाला.

आधी आकडा. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवलं, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. माहिती खरी होती. पण ‘दुप्पट’ म्हणजे सात हजार बायकांमागे एकीच्या जागी दोघी, हे लोकांपर्यंत पोचलंच नाही. घाबरून कित्येकींनी गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. त्यातली मेख अशी, की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो. ‘दुप्पट’ हा शब्द सोपाही होता आणि बरोबरही. ‘कितीपैकी’ सांगणारा छेद तेवढा वाटेत गळाला.

म्हणून टक्केवारी तोंडाशी आली की थांबायचं आणि माणसं मोजायची. ‘धोका ५० टक्क्यांनी घटतो’ हे वाक्य असं फोडता येतं: समजा एक हजार माणसं, पाच वर्षं. औषध नसेल तर त्यांतल्या चौघांना हृदयविकाराचा झटका येतो, औषध घेतलं तर दोघांना. बाकीच्या ९९६ जणांना झटका तसाही येणार नव्हता. वाक्य लांबलं खरं, पण आता ऐकणाऱ्याला स्वतःचं स्वतः ठरवता येतं. छेद मात्र दोन्हीकडे एकच ठेवा. ‘दोनशेत एक’ आणि ‘तीनशेत एक’ असं शेजारी शेजारी सांगितलं, की तीनशे मोठे म्हणून धोकाही मोठा, असं पुष्कळांना वाटून जातं.

दुसरी गोष्ट, प्रयोग कोणावर. ‘वर्तमानपत्रवाले फुगवतात’ ही आपली आवडती तक्रार आहे. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासूनच पाहिली. ब्रिटनच्या २० विद्यापीठांनी २०११ मध्ये आरोग्य-संशोधनावर काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रकं त्यांनी मूळ शोधनिबंधांशी ताडली. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. प्राण्यांवरच्या कामावरून माणसांबद्दल बोलताना ३६ टक्के पत्रकांनी निबंधापेक्षा मोठा दावा केला होता. म्हणजे फुगवाफुगवी बरेचदा घरातच सुरू होते, आणि बातम्यांमध्ये पुढे तीच उतरते. तेव्हा पत्रकाचं काम जनसंपर्क विभागाकडे सोपवून मोकळे होऊ नका. मथळ्यासकट स्वतः वाचा, आणि ‘उंदरांमध्ये’ हा शब्द चौथ्या परिच्छेदातून उचलून मथळ्यात घाला. जनसंपर्कवाले कुरकुर करतील. करू देत.

क्रमाचं म्हणाल, तर शोधनिबंधाचा क्रम व्याख्यानाला चालत नाही. पूर्वीचं काम, पद्धत, निष्कर्ष, चर्चा या वाटेने गेलात तर मुद्दा येईपर्यंत सभागृह पेंगलेलं असतं. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती, १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०-६१ च्या नाताळात. त्यातला एक प्रयोग बघा. जळती मेणबत्ती फुंकर न मारता अलगद विझवायची. वातीतून धुराची रेघ वर जाते. वातीपासून दोन-तीन इंचांवर त्या रेघेला जळती काडी लावायची, की ज्योत धुरातून खाली धावत येऊन वात पेटवते. मेणाची वाफ जळते हे त्यानंतर एका वाक्यात सांगून होतं. वारा असेल तर मात्र रेघ तुटते आणि प्रयोग फसतो. पंखे बंद करा. आधी डोळ्यांसमोर काहीतरी घडू द्यायचं, मग त्याचं कारण. पद्धत कुणी विचारली तर सांगायची.

एका तासाच्या कार्यक्रमात चाळीस मिनिटं बोलणं आणि वीस मिनिटं प्रश्न. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरले तर हाती चार-पाच हजार शब्द येतात. त्यात एक दावा आणि त्याचे दोन-तीन पुरावे बसतात, तिसावा संदर्भ बसत नाही. पारिभाषिक शब्द पुढे किमान तीनदा लागणार असेल तरच शिकवा.

निबंधातला आलेख पडद्यावर जसाच्या तसा चिकटवणं ही सर्रास होणारी चूक. आठ पॉइंटची अक्षरं मागच्या रांगेत दिसतच नाहीत. आलेख नव्याने काढा आणि तीन टप्प्यांत उलगडा. पहिल्यांदा नुसते रिकामे अक्ष: आडव्यावर काय, उभ्यावर काय, हे तोंडाने सांगा. मग एकच ठिपका, आणि तो म्हणजे काय हे एका वाक्यात. मग सगळी रेघ. दीड मिनिट जातं, पण आलेख कळतो. लाल-हिरवी जोडी टाळा, कारण ती बऱ्याच पुरुषांना वेगळी दिसत नाही, निळा-नारिंगी घ्या.

प्रश्न आला की आधी तो माइकवर पुन्हा म्हणा, नाहीतर अर्ध्या लोकांना नुसतं उत्तर ऐकू येतं. उत्तर ठाऊक नसेल तर तसं सांगा, आणि ते शोधायला कोणता प्रयोग लागेल हेही सांगा. लोकांना ते आवडतं. रेकॉर्डिंग होणार असेल तर दावा आणि त्याची मर्यादा एकाच वाक्यात बोला. मर्यादा शेवटच्या स्लाइडवर ठेवलीत, तर कुणीतरी कापलेल्या मिनिटभराच्या तुकड्यात ती कशी येणार?

निबंध अजून छापायचा असेल तर सहलेखकांना विचारा आणि नियतकालिकाचे नियम वाचा. पेटंट घ्यायचं असेल तर जास्तच जपा. अर्ज करण्याआधी जाहीर बोललात की युरोपात शोधाचं नावीन्य संपतं आणि पेटंट मिळत नाही. अमेरिकेत बोलल्यानंतर अर्ज करायला १२ महिन्यांची सवलत मिळते. आयोजकांना होकार कळवण्याआधी विद्यापीठात पेटंटचं काम बघणाऱ्यांना एक फोन करा.