क्रेझिंग अपडेट: वरचं शेल्फ सुटलं, खालचं अडलंय

मंडळी, क्रेझिंग म्हणजे भांड्यावरच्या ग्लेझला (काचेसारख्या लेपाला) पडणारी बारीक तड्यांची जाळी. या वेळी भट्टीच्या वरच्या शेल्फवरचे पारदर्शक ग्लेझचे कप साफ आले! तडे दिसावेत म्हणून शाई चोळली, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून उकळतं पाणी ओतलं, परत शाई चोळली. एक रेघ नाही. बराच वेळ नुसती बोटं फिरवत बसले होते. खालच्या शेल्फवर मात्र तीच माती, तोच ग्लेझ आणि आत बारीक जाळी.

ही जाळी घालवायला गेल्या वेळी मिळालेले दोन सल्ले आठवत असतील. कॉलेजात सिरॅमिक्स शिकवणाऱ्या सरांनी सेगर फॉर्म्युला (ग्लेझमधल्या ऑक्साइडांच्या प्रमाणाचं सूत्र) मांडला: सोडा-पोटॅश जास्त, सिलिका कमी, त्यामुळे निवताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतो आणि ताणाने फाटतो. त्यांचा सल्ला: ग्लेझमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाची पूड, वाढवा. तुर्भ्याच्या स्टुडिओवाल्या ताईंनी कागदाकडे पाहिलंही नाही. कपाचा तळ जिभेला लावला आणि म्हणाल्या, "अगं, ही माती अजून पाणी पितेय. आधी ती नीट भाज."

क्वार्ट्झ वाढवल्यावर जाळीचे चौकोन मोठे झाले, पण जाळी गेली नाही. शिवाय पावसाळ्यात, भट्टीतून चांगले निघालेले कप फळीवर बसल्या बसल्या टिक् टिक् करत तडकले. कच्ची राहिलेली माती हवेतली ओल घेऊन फुगते आणि ग्लेझला ताणते. मग ग्लेझ न लावलेला तुकडा कोरडा तोलला: 200 ग्रॅम. उकळून, भिजवून, पुसून पुन्हा तोलला: 211. म्हणजे साडेपाच टक्के पाणी! गोणीवर छापलंय 'स्टोनवेअर, 1200'. पुरवठादाराने निदान किती टक्के पाणी शोषते एवढं तरी छापावं.

यंदा प्रत्येक शेल्फवर कोन 6 ठेवला (कोन म्हणजे ठरावीक उष्णता मुरली की वाकणारा छोटा सुळका). मीटर 1225 अंश दाखवत होता. वरचा कोन पूर्ण वाकला, खालचा जवळजवळ सरळ उभा. मीटरचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) वर आहे, त्याला फक्त तिथलं तापमान कळतं. मातीला उष्णता किती मुरली ते कोनच सांगतो. रबाळ्याच्या गाळ्यातली ही छोटी इलेक्ट्रिक भट्टी तळाला थंड पडते, हे आता पक्कं.

ताई मातीतही क्वार्ट्झ मळतात, हे सरांना सांगितलं तर ते खूश झाले. ग्लेझमध्ये क्वार्ट्झ विरघळतो आणि ग्लेझचं आकसणं कमी करतो. मातीत तो स्फटिक म्हणूनच उरतो आणि निवताना 573 अंशांना एकदम आकसतो. माती जास्त आकसली की ग्लेझ दाबात राहतो, फाटत नाही. ताईंच्या वहीत प्रमाण आहे, कारण नाही. सरांकडे कारण आहे, पण प्रमाण कॉलेजच्या मातीचं. सर म्हणतात स्टुडिओवाले नोंदी ठेवत नाहीत. ताई म्हणतात डिग्रीवाल्या मुलांना भट्टी लावता येत नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि मला याचं फार वाईट वाटतं. 1870 च्या दशकात मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात जॉर्ज टेरी यांनी पॉटरी सुरू केली तेव्हा शिकवणं आणि विकायचा माल बनवणं एकाच छपराखाली चालत होतं.

पुढच्या भट्टीत ग्लेझचा लाइन ब्लेंड (एक घटक टप्प्याटप्प्याने बदलत केलेले नमुने) करणार होते. पण लिहिता लिहिताच वाटतंय, ग्लेझला आता हातच लावू नये. त्याच मातीत 200 मेशचा (बारीक चाळलेला) क्वार्ट्झ 5 आणि 10 टक्के मळून टाइल्स करते (मास्क लावूनच, सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते). दोन्ही शेल्फवर ठेवायच्या, शेजारी कोन, आणि शेवटी वीस मिनिटं सोक (वरचं तापमान तसंच धरून ठेवणं). खालचा कोन तरीही उभा राहिला तर खालच्या शेल्फवर फक्त बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी).

टाइल्सचा एक संच ताईंच्या गॅस भट्टीत भाजायला देतेय. सरांना म्हटलंय, तुमची मुलं भट्टी लावायला पाठवा. ते हो म्हणालेत. ताईंना अजून विचारायचंय.