टेप लायब्ररी, एमटीएक्स आणि काकाजींची वही

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. हिंगणा एमआयडीसीत एक कारखाना आहे, नाव नाही सांगत, तिथं मी सर्वर, नेटवर्क, प्रिंटर, सीसीटीव्ही, मालकाच्या पोराचा लॅपटॉप असं सगळंच बघतो. एका जुन्या गिऱ्हाईकाची मशीन बंद पडली, त्याला २०१९ साली बनवून दिलेल्या गिअरबॉक्सचं ड्रॉइंग पाहिजे, आणि सर्वरवर ते नाही, कारण जुनं सगळं टेपवर टाकून डिस्क मोकळी केलेली. ते केलं माझ्या आधीच्या माणसानं, आणि तो गेला पुण्याला. मला वाटलं टेप लावायची, फाइल काढायची, जेवणाआधी होऊन जाईल.

आता ही लायब्ररी म्हणजे रॅकमधला एक डबा, त्यात २४ खण, एक एलटीओ-६ ड्राइव्ह (एलटीओ म्हणजे डेटा ठेवायच्या टेपचा प्रकार, ड्राइव्ह म्हणजे ती वाचणारं-लिहिणारं यंत्र) आणि टेप उचलून इकडून तिकडं नेणारा छोटा रोबो. ब्राउझरमधून चालवायचं पान आहे तिला, पण त्याचा पासवर्ड पुण्याला गेलेला, आणि समोरच्या स्क्रीनवर अर्धी अक्षरं दिसतच नाहीत. म्हणजे राहिली लिनक्सची कमांड लाइन, एकेक आदेश हातानं टाइप करायचा. मी आयुष्यात टेप हातात धरली होती ती गाण्याची कॅसेट.

पहिलं काम, यंत्र सापडवणं. एलएसएससीएसआय डॅश जी ही जोडलेली यंत्रं दाखवणारी कमांड दिली की दोन ओळी दिसतात, एक ‘टेप’ म्हणजे ड्राइव्ह, दुसरी ‘मीडियमएक्स’ म्हणजे रोबो. दोघांचे पत्ते वेगळे. जुन्या कागदावर रोबोचा पत्ता एसजी३ लिहिला होता, पण मधे लाइट गेली, सर्वर परत चालू झाला आणि तो एसजी४ झाला, एसजी३ वर ड्राइव्ह येऊन बसला. मी पंधरा मिनिटं ड्राइव्हलाच ‘तुझ्या खणात काय आहे’ म्हणून विचारून राहिलो होतो, तो बिचारा काय सांगणार. (डेव्ह खाली टेप, बाय-आयडी असं फोल्डर असते, तिथली नावं बदलत नाहीत, तीच वापरा.)

मग एमटीएक्सला, म्हणजे रोबो चालवणाऱ्या कमांडला, स्टेटस विचारलं आणि सगळी यादी आली. खण १ पासून मोजतात, ड्राइव्ह ० पासून, हे डोक्यात फिट करा नाहीतर घोळ होतो. भरलेल्या खणापुढं टेपवरच्या स्टिकरचा बारकोड, एनजीपी००३एल६ वगैरे. २३ व्या खणात सीएलएन पासून सुरू होणारा नंबर होता, ती सफाईची टेप, ती लोड केली की ड्राइव्ह लगेच सफाईच करतो, आणि अशी टेप साधारण ५० वेळाच चालते, म्हणून गंमत म्हणून लोड करू नका. मी केली, एकदा.

पण यादी बघून मी डोकं धरलं. कुठं कोणती टेप हे रोबोला पक्कं माहीत, टेपमध्ये काय आहे हे त्याला काहीच माहीत नाही. ते बॅकअपच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे कोणती फाइल कोणत्या टेपवर त्या यादीत, असते, आणि आमच्याकडं कॅटलॉग नव्हताच, त्या भाऊनं साध्या स्क्रिप्टमधून टार (फाइलींचा गठ्ठा बांधून टेपवर टाकणारी कमांड) लावलेला.

तेव्हा आमचे काकाजी चहा घेऊन आले. काकाजी ऑफिसात २२ वर्षांपासून आहेत, चहा, बँक, पोस्ट, सगळं त्यांच्याकडं. दर शुक्रवारी भरलेली टेप मालकांच्या धंतोलीच्या घरी तिजोरीत नेऊन ठेवायचं कामही त्यांचंच. मला घामाघूम बघून म्हणाले, “अरे बाबू, ते नंबर तर म्या लिहून ठेवले न. साहेब सांगत जाय अन् मी लिहत जाव.” दोनशे पानी वही. त्यात ओळ सापडली: एनजीपी०१७, १९ चे ड्रॉइंग, ४ था, घरी.

काकाजी स्कूटरवर जाऊन टेप घेऊन आले, डिक्कीत टाकून, भर दुपारी दोन वाजता. एलटीओ टेप १० ते ४५ डिग्रीत वापरायची असते आणि मेमधलं नागपूर त्याच्या वर जाते, डिक्कीचं तर विचारूच नका. म्हणून तीन तास तशीच सर्वर रूमच्या एसीत ठेवली. आणि एक शहाणपण केलं, टेपच्या कडेची लाल पट्टी सरकवून राइट लॉक केली. आता कितीही चुकलो तरी पुसली जाणार नव्हती.

संध्याकाळी बसलो तर ड्राइव्हमध्ये आधीच ७ व्या खणाची टेप अडकलेली. अनलोड म्हटलं की रोबो एरर फेकते, ५३ आणि ०२, म्हणजे टेप काढायला मनाई. एमटीनं, म्हणजे ड्राइव्हमधली टेप पुढंमागं करणाऱ्या कमांडनं, ऑफलाइन करायला (टेप बाहेर सोडायला) गेलो तर डिव्हाइस बिझी. ड्राइव्ह कुणी धरून ठेवलाय ते फ्यूजर कमांडनं बघितलं तर शुक्रवारच्या रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट तशीच लटकून राहिली होती, म्हणजे चार दिवसांपासून बॅकअपच झाला नव्हता बाप्पा. ते मालकाला सांगायचं उद्यावर ढकललं, स्क्रिप्ट मारली, आधी एमटी ऑफलाइन, मग एमटीएक्स अनलोड ७ ०, आणि रोबो घुर्र करून हलला. काकाजींची टेप बाहेरच्या खिडकीतून, म्हणजे २४ नंबरच्या खणातून, ट्रान्सफर २४ ९ करून आत घेतली, मग लोड ९ ०.

टारनं यादी मागितली तर उत्तर आलं, ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’. सर्वरला ६४ जीबी रॅम, त्यातली ५० रिकामी! मी अर्धा तास रॅमच्या मागं लागलो. भानगड वेगळीच निघाली: टेपवर लिहिताना ब्लॉक, म्हणजे एका वेळी लिहायचा तुकडा, मोठा ठेवला होता आणि टार आपल्या नेहमीच्या २० नंच, म्हणजे १० केबीनं, वाचून राहिला होता. टेपवरचा ब्लॉक मागितल्यापेक्षा मोठा निघाला की लिनक्सचा ड्रायव्हर हाच एरर देतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये ब्लॉकचा आकडा बी ५१२ सापडला, तो लावला तर यादी धडाधड आली.

पण यादीत ड्रॉइंग नाही, खरेदीची बिलं! वहीत ‘४ था’ लिहिलंय म्हणून एमटीनं एफएसएफ ३, म्हणजे तीन गठ्ठे पुढं, मग टार. परत बिलंच. परत केलं, परत बिलं. साडेआठ वाजले. मी मनात काकाजींना दोष देऊन राहिलो होतो की यांनी काहीतरी भलतंच लिहिलं. शेवटी कॉलेजातल्या मित्राला फोन केला, त्यानं पूर्ण ऐकलंही नाही, “एन लावला का बे?”

नव्हता लावला. एसटी० या नावानं ड्राइव्ह उघडला की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला जाते, आणि एनएसटी० नं उघडला तर आहे तिथंच थांबते. म्हणजे मी तीन गठ्ठे पुढं जात होतो, कमांड संपली की टेप मुकाट्यानं मागं येत होती, आणि टार पहिलाच गठ्ठा वाचत होता. आणि लाल पट्टी उघडी असती, मी लिहायला गेलो असतो तर याच चुकीनं पहिल्या गठ्ठ्यावरच लिहिलं असतं.

एन लावला, एफएसएफ ३, टार. ड्रॉइंग. दहा वाजून चाळीस मिनिटं.

आता मी बॅशआरसीत, म्हणजे कमांड लाइन उघडताच वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, ड्राइव्ह आणि रोबोचे पत्ते टेप आणि चेंजर या नावांनी कायमचे भरून ठेवले आहेत आणि रोज सकाळी एमटीएक्स स्टेटसची यादी एका फाइलीत जाते. काकाजींना दाखवलं, म्हटलं आता वहीची गरज नाही. त्यांनी मान हलवली आणि वही चालूच ठेवली. सोमवारी यादी आणि वही शेजारी ठेवून बोटानं एकेक ओळ बघितली आणि एक टेप धरली, स्टिकर तिरपा होता म्हणून यादीत तिचा बारकोडच आला नव्हता. तो स्टिकर मीच चिकटवलेला.