आमची वाटचाल: कुजणाऱ्या मालाचा धंदा

इंदूरच्या सांवेर रोडवरून आम्ही मातीकामासाठी, म्हणजे उताराची-भरावाची माती धरून ठेवायला, काथ्याची जाळी, तोडलेला काथ्या आणि थोडं ज्यूट पुरवतो. सुरुवात ज्यूटने झाली, कारण ते स्वस्त, हलकं आणि ओलं झालं की उताराला चिकटून बसणारं. जिथे गवत एका पावसाळ्यात जमीन झाकणार, तिथे आजही आम्ही ज्यूटच सुचवतो. माळव्याच्या काळ्या मातीच्या भरावाला मात्र एक पावसाळा पुरत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात, जूनमध्ये पाणी त्या भेगांतून आत शिरतं आणि कोवळं गवत मुळासकट खाली येतं. तिथून आम्ही काथ्याकडे वळलो.

फरक लिग्निनचा, म्हणजे तंतूला कडकपणा देणाऱ्या लाकडी घटकाचा आहे. काथ्यात ते ४० टक्क्यांच्या पुढे, ज्यूटमध्ये १२-१३ टक्क्यांच्या आसपास. तंतूतला दुसरा घटक, सेल्युलोज, बुरशी भराभर खाते, लिग्निनशी तिला झगडावं लागतं. म्हणून उघड्या मातीवर ज्यूट वर्ष-दीड वर्षात संपतं आणि काथ्या २ ते ४ वर्षं काढतो. यातही जागेप्रमाणे फरक पडतो. सतत पाण्याखाली, हवा न लागणाऱ्या थरात काथ्या जास्त टिकतो. जमिनीच्या वरच्या चार बोटांत, जिथे रोज ओलं-सुकं होतं, तिथे तो सगळ्यात आधी जातो. जाळीवर कच्चं शेणखत जाड पसरलं तर आणखी लवकर, कारण आपण बुरशीला जेवणच वाढलेलं असतं.

‘किती वर्षं टिकेल?’ या प्रश्नाला म्हणूनच एक आकडा देता येत नाही. उतारावर गवताची मुळं धरेपर्यंत जाळीने माती थोपवायची असते, पुढे गवत बघून घेतं. मऊ जमिनीवरच्या कच्च्या रस्त्यात खालची माती दबून, पाणी सोडून घट्ट होते. तिची ताकद वाढते तशी जाळीची घटली तरी चालतं. ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात २०२० साली काथ्याच्या जाळीला परवानगी मिळाली, त्यामागे हेच गणित आहे. पण राखणभिंतीमागे, जिथे ताण कायम राहतो, तिथे आम्ही काथ्या देत नाही. ऑर्डर जाते, जाऊ दे.

उतारासाठी ४००, ७०० आणि ९०० ग्रॅम प्रति चौरस मीटरची जाळी मिळते. मालाला आयएस १५८६९ आणि उतारावर वापरायला आयएस १५८७२ ही मानकं आहेत. साध्या भरावाला ४०० पुरते. उतार उभा असेल किंवा पाण्याचा लोंढा मोठा असेल तर ७००. हिशेब करताना लोक फक्त उताराचं क्षेत्रफळ धरतात आणि माल कमी पडतो. १०० मीटर लांब भराव आणि उताराची लांबी ६ मीटर असेल, तर वरच्या-खालच्या चरात पुरायला दीड मीटर जास्त धरा, म्हणजे ७५० चौरस मीटर. २ मीटर रुंद रोलला १० सेंटिमीटर जोड दिला की हा आकडा ७९० होतो. ५० मीटरचे ८ रोल लागतात, ७ नाहीत.

अंथरताना आधी ढेकळं फोडा, दगड वेचा, बी टाका. माथ्यावर ३० बाय ३० सेंटिमीटरचा चर खणून जाळी त्यात पुरा, माती दाबा, मग रोल खाली सोडा. दोन तुकडे जोडताना वरचा तुकडा खालच्यावर यायला हवा, कौलं शाकारतात तसा. उलटं झालं की पाणी जोडाखाली घुसतं. मजूर सवयीने जाळी ताणतात, ती ताणायची नाही. ताणलेली जाळी खड्ड्यांवर खाटेसारखी उचलून राहते, पाणी तिच्याखालून वाहतं आणि वरून सगळं ठीक दिसत असताना आत घळ पडते. काळ्या मातीत जाळी जमिनीला अडकवायचे लोखंडी चिमटे भेगांमुळे सुटतात. तिथे ३० ते ४५ सेंटिमीटरच्या बांबूच्या खुंट्या, चौरस मीटरला एक-दोन आणि जोडावर त्याहून दाट.

मातीत मिसळायचा काथ्या हे वेगळं काम. २० ते २५ मिलिमीटरचे तुकडे, कोरड्या मातीच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का. एक घनमीटर मातीत कोरडं वजन १,५०० किलो धरलं तर अर्ध्या टक्क्याने साडेसात किलो. एकदम ओतलात तर गोळे होतात आणि प्रत्येक गोळा ही आतली पोकळी ठरते. आधी माती ओलसर करा, मग थोडा थोडा काथ्या भुरभुरवत मिसळा. त्याने काळ्या मातीचं फुगणं आणि भेगा कमी होतात. माती दाबताना पाणी मात्र थोडं जास्त लागतं आणि दाबलेल्या मातीची घनता जरा उतरते.

चुन्याबरोबर काथ्या देताना आम्ही बिचकतो, कारण चुना अल्कली आहे आणि अल्कली लिग्निनच विरघळवते. कॉस्टिक सोड्यात (तीही अल्कलीच) भिजवून खरखरीत केलेला काथ्या माती चांगली धरतो, हे खरं; पण सोलून घेतलेलं लिग्निनचं कवचच त्याला वाचवत होतं. खूप दिवस टिकायचं असेल तर आम्ही तो मागवत नाही.

आलेला प्रत्येक लॉट आम्ही अंगणातल्या काळ्या मातीत पुरतो. ३०, ६०, ९० दिवसांनी पट्ट्या काढून धुतो, सुकवतो आणि न पुरलेल्या पट्टीशेजारी ताणून तोडतो. सुकवण्यात घाई चालत नाही, ओली आणि कोरडी पट्टी शेजारी ठेवली तर तुलना खोटी होते. साइटवर यंत्र नसतं, तिथे जाळीतला एक सूत काढून पीळ सोडतो. चांगला काथ्या बोटांना टोचतो आणि तुटताना आवाज करतो. कुजलेला काळपट पडतो आणि भिजलेल्या बिस्किटासारखा गुपचूप सुटतो.

आता कोटेशनमध्ये रकमेच्या आधी पेरणीचा महिना लिहिलेला असतो. मार्चमध्ये बी न टाकता अंथरलेली जाळी जूनपर्यंत नुसती ऊन खाते, म्हणून माल मे महिन्याच्या शेवटी उतरवतो. तोवर गोदामात फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, कारण वाळवीला लिग्निनचंही वावडं नाही.