मार्चअखेरची नोंद: सुती चौकोन, नानकटाई आणि उरलेले दिवाळी अंक

मार्चमध्ये हिशेबांची घाई, मुलांच्या परीक्षा आणि वर ऊन. अशा महिन्यात स्वेटर किंवा वेण्यांची वीण काढूच नये. एक ओळ चुकली की ती शोधायला निवांत तास लागतो, आणि नेमका तोच मिळत नाही. म्हणून या खेपेची कसोटी एकच: काम कुठेही सोडता यावं, आणि परत हातात घेतल्यावर क्षणात कळावं की कुठवर आलो होतो. कोपऱ्यापासून विणायचा, पुसायला किंवा गरम भांड्यासाठी वापरायचा सुती चौकोन या कसोटीला पुरेपूर उतरतो.

सामान: 8 प्लायचा सुती दोरा 100 ग्रॅम आणि 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिमीच्या सुया. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नवीन मंडळींनी लक्षात ठेवावं. 10 नंबरची सुई 3.25 मिमीची असते. तिच्यावर हीच वीण पुठ्ठ्यासारखी घट्ट होते.

4 टाके घालून एक ओळ सुलट विणायची. मग प्रत्येक ओळीला: सुलट 2, दोरा सुईवर, उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला एक जाळीचं भोक पडतं. 45 टाके झाले की उतरायला, म्हणजे टाके कमी करायला लागायचं: सुलट 1, दोन एकत्र, दोरा सुईवर, दोन एकत्र, बाकी सुलट. इथे दोनदा दोन एकत्र का? दोरा सुईवर घेतल्याने एक टाका वाढतो, दोन जोड्यांनी दोन कमी होतात, म्हणजे ओळीला एकच टाका घटतो आणि कडेची जाळीही सलग राहते. शेवटी 5 टाके उरतात, तेही याच ओळीने नेमके संपतात आणि 4 राहतात. ते मिटवायचे. बाजू साधारण साडेसहा ते सात इंच, दोरा 27 ग्रॅमच्या आसपास.

नेहमीची चूक म्हणजे दोरा सुईवर घ्यायला विसरणं. ती मोजून शोधत बसू नये, कडेची भोकं बघावीत. जिथे भोक नाही तिथे टाका वाढलेला नाही. एक-दोन ओळींपूर्वीचं असेल तर उसवावं. त्याहून खाली असेल तर तसंच पुढे विणावं, पुसण्याच्या कामात काही अडत नाही. उतरताना दुसरी जोडी विसरली तर टाके घटत नाहीत आणि तिरकी कड मध्येच सरळ जाते.

आता थांबण्याबद्दल. ओळ संपवून थांबणं उत्तम, पण दाराची बेल ओळ संपायची वाट बघत नाही. अर्ध्यात ठेवलंत तर दोन्ही सुयांच्या टोकांना रबरबँड गुंडाळा. परत घेताना गुंडीकडून येणारा दोरा ज्या सुईवरच्या टाक्यातून निघतो ती सुई उजव्या हातात. हे उलटं झालं की विणकाम मागे फिरतं आणि मध्यात एक बारीक खड्डा पडतो. अर्धवट चौकोनांत हा दोष सगळ्यात जास्त दिसतो.

सुती दोऱ्याला लोकरीसारखा ताण नसतो, त्यामुळे हात घट्ट असेल तर बोटं दुखतात. टाका सुईच्या टोकावर नाही, जाड भागावर ओढा. शिवाय तयार चौकोन वापरण्याआधी एकदा कोमट पाण्यात साबणाने धुवा, नवा दोरा सुरुवातीला पाणी नीट शोषत नाही. गरम भांड्यासाठी ॲक्रिलिक लोकर अजिबात नको, ती वितळते. सुतीच घ्या आणि दोन चौकोन एकावर एक शिवा.

100 ग्रॅमच्या पांढऱ्या गुंडीत तीन चौकोन झाले आणि 19 ग्रॅम उरले. 45 टाक्यांना ते पुरत नाहीत. अशा वेळी गुंडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायची आणि निम्मं वजन संपायच्या जरा आधी उतरायला लागायचं. चौथा चौकोन त्या हिशेबाने 36 टाक्यांवर वळवला. शेवटी दीड-दोन ग्रॅम दोरा उरला, टोकं लपवायला पुरेसा.

त्याच काट्यावर नानकटाई. मैदा 120 ग्रॅम, बेसन 30, बारीक रवा 15, पिठीसाखर 75, साजूक तूप 95, बेकिंग पावडर अर्धा चमचा, वेलची आणि चिमूटभर मीठ. या दिवसांत तूप पातळच असतं, आणि पातळ तुपाची नानकटाई ताटलीभर पसरते. तूप फ्रिजमध्ये ठेवून घट्ट दह्याइतकं आळू द्या. मग साखरेबरोबर पाच-सात मिनिटं फेसा. रंग पांढुरका झाला की त्यात हवा धरली गेली. चाळलेली पिठं घालून फक्त गोळा करा, मळू नका. तुपात पाणी नसतं म्हणून मैद्याला चिवटपणा येत नाही, पण जोर लावून मळलं की गोळा तेलकट होतो आणि भाजल्यावर दडस लागतो.

20 ग्रॅमचे 16 गोळे होतात. ते थोडे चपटे करून वीस मिनिटं फ्रिजमध्ये. ओव्हनमध्ये 160 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. जाड बुडाच्या कढईत करायचं तर तळाला मिठाचा थर, वर रिंग, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग आठ-आठचे दोन घाणे मंद आचेवर, प्रत्येकी 22 ते 25 मिनिटं. बाहेर काढताना नानकटाई मऊच लागते. इथेच बहुतेक जण फसतात आणि अजून पाच मिनिटं ठेवतात. खालची बाजू फिकट बदामी दिसली की काढा, ताटलीतच पंधरा मिनिटं राहू द्या, थंड होताना ती खुसखुशीत होते.

घाणा आत असताना विणायचं असेल तर आधी कोरडं बेसन हाताला चोळून तूप काढा आणि मग साबण लावा. पांढऱ्या दोऱ्यावर तुपाचा डाग आठवडाभराने पिवळा दिसतो.

वाचनाचं थोडक्यात. सगळ्या ओळी सुलट असल्याने डोळे फक्त पहिल्या पाच टाक्यांना लागतात, बाकी ओळ बोटं ओढतात. यासाठी ऑक्टोबरपासून पडून असलेले दिवाळी अंक सर्वांत सोयीचे. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून कथा, लेख, कविता असा हा फराळ एकाच ताटात मिळतो आणि एक कथा बहुधा एका घाण्यात संपते. जाड अंक उघडा राहत नाही; दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लावून तो पोळपाटाला टेकवा. कविता मात्र हात मोकळे ठेवून वाचाव्यात.

पाचवा चौकोन निळ्या 50 ग्रॅमच्या गुंडीतून सुरू आहे. आज सुईवर 31 टाके, गुंडी 44 ग्रॅम.